स्वस्त ठासणीच्या रायफलीला नवा कुंदा बसवताना

ठासणीच्या स्वस्त रायफलीत नळी बहुधा चांगली निघते, लॉक म्हणजे घोडा चालवणारी यंत्रणा थोड्या मेहनतीने सुधारते. पैसे वाचवलेले असतात ते लाकडात. १९७० नंतर अमेरिकी धाटणीच्या हॉकेन आणि केंटकी रायफलींच्या प्रतिकृती स्पेन आणि इटलीच्या कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. त्यांतल्या स्वस्त बंदुकांचा कुंदा बऱ्याचदा बीच लाकडाचा, गडद रंग चढवलेला आणि गरजेपेक्षा जाड असतो. सीव्हीए या अमेरिकी कंपनीच्या केंटकी रायफलीचा कुंदा तर दोन तुकड्यांचा, मध्ये पितळी पट्टी घालून सांधलेला. हीच रायफल एकसंध मेपलच्या किंवा अक्रोडाच्या कुंद्यात नीट बसवली की तिचा तोल, नेम आणि रूप तिन्ही बदलतात.

काम सुतारकीचे आहे आणि त्यातली एक गोष्ट बाकी सगळ्यांच्या वर आहे: गोळी सुटताना मागे येणारा धक्का लाकडात कुठे उतरतो. तो नळीच्या बुडाच्या रुंद सपाट तोंडातून लाकडात उतरला तर कुंदा पिढ्यान्पिढ्या टिकतो. तो एखाद्या स्क्रूवर, लॉकप्लेटच्या म्हणजे लॉकच्या बाहेरच्या पट्टीच्या शेपटीवर किंवा टँगच्या म्हणजे नळीमागच्या पट्टीच्या टोकावर आला तर थोड्याच बारांत चीर दिसते. खाली सांगितलेला कामाचा क्रम या एका कारणामुळे तसा आहे. तो उलटापालटा करू नका.

सुरुवातीला: बंदूक रिकामी आहे का

जुनी रायफल हातात आली की ती भरलेली आहे असेच धरा. गज नळीत पूर्ण खाली सोडा, तोंडापाशी गजावर खूण करा, मग तो बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून पाहा. गजाचे टोक निपलच्या (जिच्यावर टोपी बसते त्या नळकांडीच्या) ड्रमपर्यंत किंवा चकमकीच्या बंदुकीत कानापर्यंत, म्हणजे आग आत जाते त्या बारीक भोकापर्यंत, पोचले पाहिजे. ते दोन-चार सेंटीमीटर अलीकडे थांबत असेल तर आत दारू आणि गोळी आहे. अशा नळीला उष्णता, ड्रिल किंवा ठोका अजिबात लावायचा नाही. निपलच्या वाटेने पाणी सोडून दारू भिजवा आणि भार काढण्याचे काम माहीतगाराकडे द्या.

ब्रीच प्लग, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारे आट्यांचे बूच, आणि निपलचा ड्रम उघडण्याचा मोह आवरा. कारखान्यात घट्ट आवळलेले हे भाग एकदा हलले की पुन्हा त्याच जागी, त्याच दाबाने बसतीलच असे नाही, आणि दारूचा सगळा दाब तेच पेलतात. निपल मात्र काढून पाहायलाच हवे. युरोपातल्या बंदुकांत मेट्रिक आटे बरेच आढळतात, अमेरिकी बंदुकांत १/४-२८, म्हणजे पाव इंच व्यास आणि इंचाला २८ आटे. ६ × १ मिमीचे निपल १/४-२८ च्या भोकात सैलसर फिरते आणि बसल्यासारखे वाटते. १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी, आट्यांची पकड पुरेशी नसल्यामुळे असे निपल बार होताना उडून डोळ्यावर येऊ शकते. आटेमापकाने मोजल्याशिवाय नवे निपल घेऊ नका. आटे झिजलेले असतील तर कुंद्याचा विचार नंतर, आधी बंदूक कारागिराकडे.

ठासणीच्या बंदुकीला परवाना लागतो की नाही हे देशागणिक बदलते. सुटे भाग मागवण्याआधी आपल्याकडचा नियम पाहून घ्या.

लाकूड

नवख्याने कोऱ्या फळीपासून सुरुवात करू नये. नळीची खोबण कोरलेला आणि गजाचे भोक पाडलेला अर्धतयार कुंदा घ्या. अचूक लांब खोबण कोरणे आणि लांबलचक भोक सरळ पाडणे ही या कामातली सर्वांत अवघड दोन कामे, आणि ती यंत्रावर आधीच झालेली असतात. मागवण्यापूर्वी नळीचे माप कॅलिपरने घ्या: समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर. हॉकेन धाटणीत १५/१६ इंच म्हणजे २३.८ मिमी बऱ्याचदा दिसते, बारीक केंटकी नळीत ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमी. अर्ध्या मिलिमीटरची चूकही खोबणीत फट म्हणून दिसते.

साखर मेपल कठीण, घट्ट आणि धारेखाली स्वच्छ कापला जाणारा. मऊ मेपल हलका, पण बारीक कडा त्यात तुटतात. अक्रोड कोरायला सर्वांत सोपा, चेरी त्याच्या जवळपास. पहिल्या कामाला साधा, बिनलहरींचा अक्रोड किंवा साखर मेपल उत्तम. लाटांची नक्षी असलेला मेपल देखणा खरा, पण त्यात तंतू दर सेंटीमीटरला दिशा बदलतात आणि पटाशी कपचे उडवते.

नक्षीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे मुठीच्या जागी तंतू कसे धावतात. बाजूने पाहिल्यावर तंतू मुठीच्या लांबीला समांतर, उताराबरोबर खाली वळणारे हवेत. ते मुठीला आडवे छेदून जात असतील तर बंदूक पडली की तिथेच मोडते, कितीही चांगला गोंद लावा. ओलावा ६ ते १० टक्के असावा. आणलेला कुंदा काही आठवडे कामाच्या खोलीतच ठेवून द्या; आज कोरलेली घट्ट खोबण महिन्याभरात वाकडी झाली तर सगळी मेहनत वाया जाते.

नळी बसवणे

हत्यारे फार लागत नाहीत. ३, ६ आणि १२ मिमीच्या पटाशा, एक अरुंद गोल पटाशी, धारदार सुरी, दोन स्क्रॅपर, लाकडाची खरवड कानस, लोखंडाच्या दोन-तीन कानशी, वाइस आणि उभे ड्रिल. पटाशीची धार मात्र हातावरचे केस निघतील अशी ठेवा. बोथट पटाशी जोर मागते, आणि जोर लावला की ती नको तिथे घुसते.

ठसा घेण्यासाठी काजळी आणि थोडे तेल यांचे मिश्रण पुरते. धातूवर अगदी पातळ थर लावा, नळी सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. काळा डाग पडला तेवढेच लाकूड खरवडा आणि पुन्हा ठसा घ्या. एका नळीसाठी तीस-चाळीस ठसे लागणे नेहमीचे आहे. थर जाड लावला तर सगळीकडे काळे दिसते आणि खरे कुठे टेकते ते कळत नाही. नवख्यांच्या खोबणी सैल होतात त्या बहुतेक यामुळेच.

यंत्राने कोरलेल्या खोबणीचे मागचे टोक गोलसर असते. ते चौकोनी करून नळीचे बूड तिथे सपाट टेकवायचे. पण नळी मागे सरकवण्याआधी लॉक हातात घ्या. नळी किती मागे जाईल ते लॉक ठरवते. टोपीच्या (निपलवरची टोपी फोडून बार उडणाऱ्या) बंदुकीत लॉकप्लेटच्या वरच्या काठाला अर्धगोल खाच असते. निपलचा ड्रम तिच्यात नीट बसला पाहिजे आणि खालून प्लेटचा आधार मिळाला पाहिजे. आधार नसलेला ड्रम घोड्याचे ठोके खात खात ढिला होतो. चकमकीच्या बंदुकीत कान रंजकाच्या (पेटवणीच्या बारीक दारूच्या) वाटीच्या मधोमध, वाटीच्या काठाच्या पातळीत यायला हवा. कुंद्यात लॉकची जागाही आधीच कोरलेली असेल तर हे मोजमाप दुप्पट काळजीने करा, कारण चुकल्यावर दुरुस्तीला लाकूड उरत नाही.

नळी कुंद्यात अर्धी बुडते: तळाची बाजू, दोन तिरक्या बाजू आणि उभ्या बाजूंचा निम्मा भाग. बुडाकडच्या १५-२० सेंटीमीटरमध्ये पूर्ण स्पर्श हवा. पुढे थोडे कमी-जास्त चालते. बुडाचे सपाट तोंड लाकडाला किमान तीन-चतुर्थांश भागात टेकेपर्यंत ठसे घेत राहा.

मग टँग, म्हणजे ब्रीच प्लगच्या मागे येणारी पट्टी. तिच्या कडा कानशीने आतल्या बाजूला दोन-तीन अंश तिरक्या करा. ती पाचरीसारखी खाली उतरेल आणि वरची फट बंद होत जाईल. आणि टँगच्या अगदी मागच्या टोकामागे जाड कागदाएवढी फट मुद्दाम ठेवा. ती दिसायला फारशी सुबक नाही, पण टँगच्या टोकामागून सुरू होऊन मुठीकडे जाणारी चीर पाहिली असेल त्याला तिचे मोल कळते. टोक लाकडाला टेकलेले असले की प्रत्येक बाराचा धक्का त्या एका बिंदूवर छिन्नीसारखा बसतो.

हुक असलेल्या नळीत टँगचा तुकडा वेगळा असतो आणि नळी त्याच्यात अडकते. तिथे हा तुकडाच धक्का घेतो, म्हणून त्याचे पुढचे तोंड आणि तळ दोन्ही लाकडाला भक्कम टेकवा.

खोबण सैल झाली तर बुडाच्या भागात इपॉक्सी ओतून बसवणे वैध उपाय आहे, लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. धातूवर मेणाचे दोन थर द्या, सगळी भोके आणि खाली आत वळणाऱ्या जागा मॉडेलिंग क्लेने बुजवा. एक खाच राहून गेली तर इपॉक्सी तिच्यात कुलपासारखी घट्ट होते आणि नळी लाकूड फोडल्याशिवाय निघत नाही.

पाचर आणि मेखा

नळीच्या तळाला असलेल्या कड्यांतून आडवी पाचर किंवा मेख जाते आणि नळी कुंद्याला धरते. ही भोके कुंद्याच्या बाजू अजून सपाट आणि काटकोनात आहेत तोवरच पाडा. एकदा बाजू गोल झाल्या की ड्रिल सरळ टेकवायला जागा उरत नाही. मेख २ मिमी जाडीची पुरते. कड्यातले भोक मात्र नळीच्या लांबीच्या दिशेने दोन्हीकडे दीड-दीड मिमी लांबट करा. नळी तापते, लाकूड ओलाव्याने हलते. मेख घट्ट अडकली असेल तर लांब, पातळ कुंदा नळीला वाकवतो आणि पाचव्या-सहाव्या बाराला गोळ्या एका बाजूला सरकू लागतात.

नळीला नवीन कडी लागली तर ६० अंशांची तिरकी खाच कोरावी लागते. तिची खोली २ मिमीच्या पुढे नको. १५/१६ इंच जाडीच्या .५० कॅलिबरच्या नळीत सपाट बाजूला भिंत सुमारे ५.५ मिमीच असते. बुडाच्या टोकाला, जिथे दाब सर्वाधिक, तिथे खाच कोरूच नये.

लॉक

लॉकमधले सुटे भाग काढून फक्त प्लेट घ्या. तिचा बाहेर आलेला भाग नळीच्या उभ्या बाजूला घट्ट टेकवा, क्लॅम्पने धरा आणि सुरीने कडेने रेघ ओढा. पेन्सिल नको, पेन्सिलच्या रेघेची जाडी म्हणजेच पुढची फट. रेघेच्या आत पटाशीने उभे काप द्या आणि थर थर खाली जा. प्लेट नळीला भिडली की थांबा. नळी आणि प्लेट यांच्यात फट राहिली तर जळलेल्या दारूची राख आणि धुण्याचे पाणी आत जाऊन लॉक गंजवते.

यानंतर आतले भाग एकेक करून बसवा: आधी ब्रायडल (आतले भाग जागी धरणारी पट्टी) आणि टंबलर (घोड्याबरोबर फिरणारा खाचांचा तुकडा), मग सिअर (त्या खाचेत अडकून घोडा रोखणारी कळ) आणि तिची स्प्रिंग, शेवटी घोडा ओढणारी मोठी स्प्रिंग. प्रत्येक भागाला फक्त त्याला हवी तेवढीच जागा कोरा. कारखान्यात वेळ वाचवण्यासाठी सगळी पोकळी एका झटक्यात खणतात. तसे केले की नळी, लॉक आणि मूठ यांच्यामधले लाकूड कवचाएवढे पातळ उरते. सिअर आणि मोठ्या स्प्रिंगभोवती अर्धा मिमी मोकळीक पुरे.

लॉक हातात असताना छान चालते आणि कुंद्यात स्क्रू आवळला की अडकते, ही तक्रार हमखास येते. कारण एकच: एखादा भाग लाकडाला घासतो आहे. सगळ्या भागांवर काजळी लावा, लॉक बसवून घोडा दोनदा ओढा, काढून पाहा. काळा ओरखडा दिसेल तिथले थोडे लाकूड काढा. स्क्रू सैल ठेवून चालवणे हा उपाय नव्हे.

लॉकच्या पुढच्या स्क्रूबद्दल एक इशारा. नळी आणि गजाचे भोक यांच्यामधला लाकडाचा पडदा साधारण ३ मिमी असतो आणि स्क्रू ४ ते ५ मिमी जाड. म्हणजे तो स्क्रू गजाच्या भोकात किंवा नळीच्या तळात शिरणार हे ठरलेले. भोक पाडण्यापूर्वी गजाचे भोक कुठे संपते ते तारेने मोजा. ते स्क्रूच्या अलीकडे संपत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर ४ मिमीचा बारीक स्क्रू घ्या आणि गज तेवढा आखूड करा. नळीच्या तळाला खोल खाच घासून जागा करणे टाळा.

आता लॉक सुधारणे. स्वस्त लॉकमध्ये प्लेटच्या आतल्या बाजूला, टंबलरवर आणि स्प्रिंगच्या कडेला यंत्राच्या खुणा तशाच असतात. सपाट दगडावर किंवा काचेवर चिकटवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने या घासणाऱ्या जागा गुळगुळीत करा. मोठी स्प्रिंग प्लेटला तिच्या लांबीभर घासत असेल तर ती बाजू थोडी उतरवा. फक्त टोक आणि मूळ टेकले पाहिजे. एवढ्यानेच घोड्याची चाल मऊ आणि वेगवान होते. टंबलरच्या खाचा आणि सिअरचे नाक मात्र घासू नका. त्यांचा कोन बदलला, किंवा कडक केलेला वरचा पातळ थर निघाला, की अर्धा चढवलेला घोडा न सांगता सुटतो. अर्ध्या चढणीवर घोडा ठेवून चाप जोरात ओढला तरी तो हलता कामा नये. ही परीक्षा रिकाम्या बंदुकीवर प्रत्येक बदलानंतर घ्या.

घोड्याचे तोंड निपलवर मधोमध आणि सपाट पडले पाहिजे. ते एका बाजूला टेकत असेल तर टोप्या फुटत नाहीत, दोनदा मारावे लागते. घोडा थंड असताना वाकवू नका, ओतीव घोडा मोडतो. त्याला तापवूनच वाकवतात, आणि ते लोहाराच्या हातचे काम.

चकमकीच्या बंदुकीत चकमकीचा तुकडा चामड्यात धरा आणि त्याची धार फ्रिझनच्या, म्हणजे चकमक जिच्यावर आपटते त्या उभ्या पट्टीच्या, पोलादावर वरच्या तिसऱ्या भागात पडेल असे ठेवा. ठिणग्या निस्तेज लालसर पडत असतील तर फ्रिझन मऊ आहे. ते पुन्हा कडक करावे लागते.

चाप

साध्या एकेरी चापाची चाल जवळजवळ पूर्णपणे त्याची खीळ कुठे आहे यावर ठरते. ती सिअरच्या दांडीच्या सुमारे ६ मिमी पुढे आणि जागा मिळेल तितकी वर घ्या. कारखान्यातल्या बंदुकीत खीळ खाली आणि दूर असते. म्हणून चाप लांब, जड आणि रेती भरल्यासारखा लागतो. एक भोक बदलल्याने एवढा फरक पडणारे दुसरे काम या बंदुकीत नाही.

घोडा खाली, अर्धा आणि पूर्ण चढलेला अशा तीन अवस्थांत सिअरची दांडी वेगवेगळ्या उंचीवर असते. ती सर्वांत खाली येते त्या अवस्थेतही चाप आणि दांडी यांच्यात अर्धा मिमी फट हवी. ती नसेल तर सिअर खाचेत पूर्ण बसत नाही आणि बंदूक धोकादायक होते. हॉकेन धाटणीतल्या दुहेरी चापासाठी टंबलरमध्ये फ्लाय नावाचा लहानसा तुकडा लागतो; तो सिअरला अर्ध्या खाचेत पडण्यापासून वाचवतो. एकेरी चापाचे लॉक दुहेरी चापाबरोबर वापरायचे असेल तर फ्लाय आहे का ते आधी पाहा.

टँगचा लांब स्क्रू वरून खाली जाऊन चापाच्या पट्टीत आवळला जातो. त्यामुळे नळी, लाकूड आणि चाप एकत्र आवळले जातात. भोक उभ्या ड्रिलवर पाडा, आधी ३ मिमीचे. ते बाजूला भटकले की सरळ लॉकच्या पोकळीत निघते.

बटप्लेट आणि मापे

चापापासून बटप्लेटच्या, म्हणजे कुंद्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या, मध्यापर्यंतची लांबी बहुतेक प्रौढांना ३४ ते ३५ सेंटीमीटर ठीक बसते. ज्या कपड्यांत नेम धरणार ते घालून मोजा. कुंदा आधी एक-दोन सेंटीमीटर लांबच कापा. वक्र बटप्लेट बसवताना प्रत्येक ठशाला लाकूड कमी होत जाते आणि शेवटी माप आखूड झाल्याचे लक्षात येते. खोल वक्राची बटप्लेट दंडावर, खांद्याच्या थोडी बाहेर टेकवायची असते. ती छातीजवळ धरली तर टोके बोचतात आणि दोष उगाच बंदुकीला दिला जातो.

बाहेरचा आकार

आतापर्यंत कुंदा ओबडधोबड ठोकळाच आहे, आणि तसाच हवा. आता लाकूड काढायला लागा आणि धीटपणे काढा. स्वस्त रायफल आणि जुन्या उस्तादाची रायफल यांच्यातला डोळ्याला जाणवणारा फरक नक्षीत नसतो, उरलेल्या लाकडात असतो. लॉकभोवतीची सपाट पट्टी ३ मिमीपेक्षा रुंद नको; कारखान्यात ती दुप्पट-तिप्पट सोडतात आणि सगळी बंदूक फुगलेली दिसते. लांब कुंद्याच्या पुढच्या भागात नळीच्या बाजूची भिंत वरच्या काठाला ३ मिमीपर्यंत उतरवता येते. पुढच्या भागाचा खालचा आकार चौकोनी न ठेवता गजाभोवती फिरणारा गोल ठेवा. मूठ अंडाकृती, उंचीला रुंदीपेक्षा थोडी जास्त.

खडूने मध्यरेषा आखून ठेवा आणि ती घासली गेली की पुन्हा आखा. आधी चौकोनाचे आठ कोन करा, मग सोळा, मग गोल. सरळ गोल करायला गेलात तर दोन्ही बाजू सारख्या होत नाहीत. खरवड कानशीनंतर स्क्रॅपर वापरा. नुसत्या पॉलिश पेपरने लॉकभोवतीच्या स्पष्ट कडा गोल होतात आणि कुंदा साबणाच्या वडीसारखा दिसू लागतो. जिथे धातू लाकडाला मिळतो तिथे पेपरमागे सपाट ठोकळा धराच.

रंग आणि तेल

शेवटच्या घासणीनंतर कुंदा ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू स्क्रॅपरने काढा, तीनदा करा. अक्रोडाला रंग लागत नाही. मेपलला मात्र रंग हवाच, नाहीतर तो फिक्का आणि बेजान राहतो. जुनी रीत लोह मिसळलेल्या नायट्रिक आम्लाची. आता फेरिक नायट्रेटचे पाण्यातले द्रावण लावतात. वाळल्यावर हीट गनने शेकले की लाकूड बघता बघता तांबूस तपकिरी होते आणि लाटांची नक्षी उठून दिसते. उघड्यावर करा, हातमोजे घाला, वाफ श्वासात घेऊ नका. नंतर सौम्य सोड्याच्या पाण्याने पुसून आम्ल मारा. फार गडद झाले तर तारेच्या बारीक लोकरीने थोडे उतरवता येते. टाकाऊ तुकड्यावर आधी करून पाहा, तोही त्याच कुंद्याचा.

वर उकळलेले जवसाचे तेल, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते. पहिला थर भरपूर, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पूर्ण पुसून काढा. पुढचे थर तळहाताने चोळून, अगदी पातळ, प्रत्येकाला पूर्ण वाळू देऊन. सहा ते दहा थर. जाड थर चिकट राहतो आणि महिनाभर वाळत नाही. नळीची खोबण, लॉकची पोकळी आणि बटप्लेटखालचे उघडे लाकूड यांनाही तेल किंवा पातळ वार्निश द्या. ठासणीची बंदूक पाण्याने धुतात. हे पाणी आणि नंतरचे यंत्रतेल कच्च्या लाकडात मुरत राहिले तर काही वर्षांत लॉकभोवतीचे लाकूड काळे आणि भुसभुशीत होते.

तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेतो. फडके उघड्यावर, एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नळी, तपकिरी रंग आणि नेम

चकचकीत काळा-निळा रंग काढायला घरातले व्हिनेगर पुरे. नळीची दोन्ही तोंडे आणि निपलचे भोक घट्ट बंद करा, अर्ध्या-एक तासाने पुसा, सोड्याच्या पाण्याने धुवा. मग तपकिरी करणारे द्रावण फडक्याने एकसारखे लावून नळी दमट जागी टांगा. गंजाचा पातळ थर आला की जाड कापडाने घासा, पुन्हा लावा. चार ते सहा फेऱ्यांत घट्ट, मऊ तपकिरी रंग येतो. बोटाचा तेलकट ठसा पडला तर तिथे रंग धरत नाही, म्हणून आधी ॲसिटोनने पुसा आणि हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नका. शेवटी सोड्याने आम्ल मारून तेल चोळा. पितळाला फक्त घासून सोडून द्या. ते वापराने आपोआप जुने दिसते.

नव्या स्वस्त नळीच्या आतल्या कडा बऱ्याचदा धारदार असतात आणि गोळीभोवतीचा पॅच म्हणजे कापडाचा तुकडा कापतात. झाडलेला पॅच उचलून पाहा: रेघांनी चिरलेला असेल तर कारण हेच. बारीक स्कॉचब्राइटचा तुकडा गजाच्या टोकाला लावून तेलाबरोबर पन्नास-साठ वेळा आतबाहेर करा. नळीचे तोंड बारीक पेपर अंगठ्याखाली धरून गोल फिरवत मऊ करा, म्हणजे गोळी ठासताना पॅच तिथेच फाटत नाही.

पहिला बार खांद्याला लावून उडवू नका. रायफल भक्कम बांधा, नळीचे तोंड सुरक्षित आडोशाकडे ठेवा, लांब दोरीने चाप ओढा. भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतल्या सर्वांत कमी मापाचा. फक्त काळी दारू किंवा ठासणीच्या बंदुकीसाठी बनवलेला तिचा पर्याय. धूररहित दारू चिमूटभरही नळी फोडते. दोन-तीन बारांनंतर लॉक काढा आणि टँगच्या मागे, लॉकप्लेटच्या शेपटीपाशी आणि मुठीवर केसाएवढी चीर आहे का ते प्रखर उजेडात पाहा. चीर नसेल आणि टँगमागची फट होती तेवढीच असेल तर धक्का योग्य जागी उतरतो आहे. फट बंद झाली असेल तर नळी मागे सरकली: बुडाचे तोंड पुरते टेकलेले नाही, तिथे पुन्हा ठसे घ्या.

नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची माशी मुद्दाम उंच बसवलेली असते. गोळ्या खाली लागत असतील तर माशी कानशीने थोडी थोडी उतरवा. ती जितकी खाली, तितकी गोळी वर. मागचे साइट गोळी ज्या बाजूला जायला हवी त्याच बाजूला सरकवतात. माशीवर कानशीचे दोन-तीन फटके, मग पाच गोळ्या, मग पुन्हा. नळी दर बारानंतर सारखीच पुसा, कारण राख साठली की पॅच घट्ट होतो आणि मारा बदलतो. मग माशी घासता घासता तुम्ही घाणीचा हिशेब करत बसता.